गेममध्ये पावलांची दिशा कळत नाही? नवा हेडफोन घेण्याआधी हे तपासा

मी बेळगावात पीसी जोडण्याचं आणि दुरुस्तीचं काम करतो. गिऱ्हाईक शहापूरचं असो, वडगावचं असो की खानापूर-निपाणीहून बस पकडून आलेलं असो, गेम खेळणाऱ्या पोरांची तक्रार ठरलेली: "गेममध्ये कोण कुठून येतंय तेच कळत नाही. चांगला हेडफोन सांगा." हेडफोन विकला तर मला चार पैसे मिळतात. तरीही मी आधी पीसी घेऊन यायला सांगतो, कारण बहुतेक वेळा दोष हेडफोनात सापडत नाही. तो सेटिंगमध्ये, पिनमध्ये, ब्लूटूथमध्ये किंवा घरातल्या वायरिंगमध्ये असतो. तिथला दोष तसाच ठेवून पाच हजारांचा हेडफोन आणला, तरी तोच त्रास पुन्हा होतो.

आधी लक्षणं बघा. तुमचं कुठलं, ते ठरवा.

- डावं-उजवं कळतं, पण शत्रू पुढे आहे की मागे, वरच्या मजल्यावर की खालच्या, ते कळत नाही.
- डावं-उजवंसुद्धा कळत नाही, सगळा आवाज डोक्याच्या मधोमध येतो.
- डिस्कॉर्डवर (खेळताना मित्रांशी बोलायच्या अ‍ॅपवर) मित्र आले की गेमचा आवाज जुन्या फोनसारखा होतो किंवा एकदम बारीक होतो.
- गाणं लावलं तर वाद्यं ऐकू येतात, गाणारा गायब.
- एक बाजू बारीक, किंवा वायर हलवली की येते-जाते.
- सतत गूं, किंवा माउस फिरवला, गेम सुरू झाला की चिर्रर.
- तुम्हाला सगळं नीट ऐकू येतं, पण मित्र म्हणतात तुझ्या माईकमधून घरघर येते.
- पूर्वी स्फोट दणकून वाजायचे, आता पत्र्याच्या डब्यासारखे वाजतात.

आता फुकटच्या तपासण्यांपासून सुरुवात करू.

हेडफोन उलटा घालून बघा

आधी एल आणि आर ही अक्षरं बघा. माईक डाव्या बाजूलाच असतो असं गृहीत धरून कित्येक जण हेडफोन उलटा घालतात, आणि माईक काढता येणारा असला तर ती खूणही राहत नाही. डावं-उजवं बदललं की शत्रू नेहमी चुकीच्या बाजूला भासतो. मग डोळे एक सांगतात, कान दुसरं, आणि मेंदू कानावर विश्वास ठेवायचं सोडून देतो.

एक बाजू बारीक असेल तर हीच युक्ती मुद्दाम करा. गाणं लावा, बारीक बाजू कुठली ते लक्षात ठेवा आणि हेडफोन फिरवून घाला. बारीकपणा हेडफोनबरोबर दुसऱ्या कानाकडे गेला तर दोष हेडफोनात, वायरीत किंवा पीसीत आहे. बारीकपणा त्याच कानात राहिला तर मामला कानाचा आहे. कदाचित नुसता मळ असेल. पण एका कानाचं ऐकणं अचानक कमी झालं असेल, तर हेडफोन बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टरकडे जा. अचानक आलेल्या बहिरेपणावर उपचार जितके लवकर सुरू होतील तितकं चांगलं. तिथे माझ्यासारख्या माणसाचं काहीच काम नाही.

पिन पूर्ण आत गेली आहे का

गायक गायब होण्याचं कारण जवळपास नेहमी हेच. पिनेच्या टोकावर डावा आवाज, त्यामागच्या कड्यावर उजवा, आणि मागे दोघांची सामाईक परतीची वाट, म्हणजे ग्राउंड. पिन अर्धवट बसली किंवा आत मळ साचून ग्राउंड तुटला, की डाव्या-उजव्या बाजू एकमेकींतून वाट काढतात आणि दोन्ही कानांना फक्त त्यांच्यातला फरक ऐकू येतो. गायकाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखा असतो, म्हणून वजा होऊन तो नाहीसा होतो. गेममध्ये नेमका समोरून येणारा आवाज असाच वजा होतो. समोरून गोळी येते आणि तुम्हाला कळतसुद्धा नाही.

पिन काढा, सुक्या मऊ कापडाने पुसा आणि टक् वाजेपर्यंत आत ढकला. मोबाईलच्या जाड कव्हरमुळे किंवा कॅबिनेटच्या खोलगट पोर्टमुळे पिन एक मिलिमीटर बाहेर राहते, तेही बघा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की, पडून राहिलेल्या पिनेवर काळपट थर चढतो. तो काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब पुरतो. पॉलिश पेपर मारू नका, वरचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसाळ्यात दुप्पट त्रास होतो.

माईकच चालत नसेल तर पिनेवरच्या काळ्या रेघा मोजा. तीन रेघा म्हणजे आवाज आणि माईक एकाच पिनेत, मोबाईल-लॅपटॉपसाठी. दोन रेघा म्हणजे फक्त आवाज किंवा फक्त माईक. पीसीला मागे हिरवं आणि गुलाबी अशी दोन वेगळी भोकं असतात. तीन रेघांची पिन हिरव्यात घातली तर आवाज येईल, माईक कधीच येणार नाही. त्यासाठी एक छोटा वाय जोडणीचा तुकडा मिळतो, एका बाजूला एक भोक, दुसऱ्या बाजूला दोन पिना. दुकानात त्याच्या शेजारीच तसाच दिसणारा दुसरा तुकडा टांगलेला असतो, तो एका फोनवर दोन हेडफोन लावायचा. त्याला एक पिन आणि दोन भोकं असतात. हा दुसरा घेऊन आलेले खूप जण भेटतात, म्हणून घेताना पिना मोजून घ्या.

विंडोजमधल्या चार जागा

फुकट असूनही सर्वांत जास्त दोष इथे सापडतात, म्हणून घाई करू नका.

पहिली जागा मोनो ऑडिओ. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, ऑडिओ असं जा. विंडोज १० मध्ये हेच ईझ ऑफ अ‍ॅक्सेसखाली आहे. एका कानाने ऐकणाऱ्यांसाठी ही अत्यंत उपयोगी सोय आहे, ती दोन्ही बाजू मिसळून एकच आवाज करते. पण घरातल्या कुणाकडून चुकून चालू झाली तर दिशा मुळातच उरत नाही. सगळा आवाज डोक्याच्या मधोमध येतो म्हणणाऱ्यांनी आधी इथे बघावं.

दुसरी जागा बॅलन्स. डावं १०० आणि उजवं ६३ असं झालेलं मी कितीदा पाहिलंय. कंट्रोल पॅनेलच्या साऊंडमध्ये हेडफोनवर कॉन्फिगर दाबून टेस्ट करा. डावीकडे वाजलं की डाव्याच कानात, तेवढ्याच जोरात ऐकू आलं पाहिजे.

तिसरी जागा त्याच साऊंडच्या खिडकीतला कम्युनिकेशन्स नावाचा कप्पा. कॉल सुरू झाला की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचे, असा पर्याय तिथे आधीपासून निवडलेला असू शकतो. डिस्कॉर्ड उघडलं की पावलं गायब होतात, ती यामुळे. डू नथिंग निवडा. डिस्कॉर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही अ‍ॅटेन्युएशन नावाची पट्टी आहे, ती शून्यावर आणा.

चौथी जागा स्पेशियल साऊंड, म्हणजे हेडफोनमध्ये आवाज चहूबाजूंनी आल्यासारखा भासवणारी सोय. हिच्याविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुढे-मागे न कळण्याचं मूळ बहुधा इथेच असतं.

दिशा कशामुळे कळते, आणि ती कुठे बिघडते

आपल्याला दोनच कान. तरी मारुती गल्लीच्या गर्दीत मागून रिक्षा आली की मान न वळवता आपण बाजूला होतो. उजवीकडचा आवाज उजव्या कानात आधी पोचतो, डाव्यात किंचित उशिरा. हा उशीर जास्तीत जास्त एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांशाइतका असतो, तरी मेंदू तो पकडतो. शिवाय डोकं मध्ये आल्यामुळे लांबच्या कानात आवाज, विशेषतः त्यातला बारीक तीक्ष्ण भाग, कमी पोचतो. डावं-उजवं यावरून कळतं. पुढे-मागे आणि वर-खाली मात्र कानाच्या पाळीच्या घड्यांमुळे कळतं. समोरून आणि मागून येणारा आवाज त्या घड्यांवर वेगवेगळा आपटतो, त्याचा पोत बदलतो, आणि लहानपणापासून मेंदूने तो पोत शिकून ठेवलेला असतो.

हेडफोन लावला की आवाज थेट कानावर येतो आणि हे सगळं बाजूला पडतं. म्हणून गेम तो फरक गणिताने तयार करून आवाजात मिसळतात. त्या गणिताचं नाव एचआरटीएफ. व्हॅलोरंट या नेमबाजीच्या गेमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ते नावानिशी आहे. यावरून लक्षात येईल की दिशा समजायला प्रत्येक कानाला एक चांगला पडदा, म्हणजे हेडफोनातला छोटा स्पीकर, पुरतो. खोक्यावर मोठ्या अक्षरात ७.१ (म्हणजे सभोवार आठ स्पीकर) लिहिलेल्या बहुतेक हेडफोनांतही पडदे दोनच असतात, बाकीचं सॉफ्टवेअर करतं.

घोळ होतो तो इथे. गेममध्ये एचआरटीएफ चालू, विंडोजमध्ये विंडोज सोनिक (विंडोजचा स्वतःचा स्पेशियल साऊंड) चालू, हेडफोनबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ७.१ चालू. एकदा कानाच्या घड्यांतून गेलेला आवाज पुन्हा, आणि मग तिसऱ्यांदा घड्यांतून काढल्यासारखं होतं. पावलं लांबवर, न्हाणीघरात वाजल्यासारखी ऐकू येतात आणि पुढचं मागे जातं. पोरांना वाटतं, तीन चालू म्हणजे तिप्पट चांगलं.

नियम असा ठेवा, तिघांपैकी एकच. गेममध्ये स्वतःची सोय असेल तर ती चालू आणि बाकी दोन्ही बंद, कारण शत्रू नेमका कुठे, किती उंचीवर आहे ते गेमलाच ठाऊक असतं. विंडोजला फक्त तयार आवाज मिळतो. गेममध्ये तशी सोय नसेल आणि तो ७.१ चा आवाज बाहेर देत असेल, तर विंडोज सोनिक लावून बघा, ते फुकट आहे. एकट्याने खेळायच्या, रानावनात फिरायच्या गेममध्ये त्याने वातावरण छान भरून येतं. बदल केल्यावर निदान दोन-तीन दिवस खेळा. प्रत्येकाच्या कानाचा आकार वेगळा, गणित मात्र सरासरी कानाचं, त्यामुळे मेंदूला ते अंगवळणी पडायला वेळ लागतो. पहिल्या पाच मिनिटांत "काही फरक नाही" म्हणून पुन्हा तिन्ही चालू करणारे माझ्याकडे परत येतात.

ब्लूटूथ असेल तर

मित्र कॉलवर आले की आवाज जुन्या फोनसारखा होतो, याचं हे कारण. नेहमीच्या ब्लूटूथवर हेडफोनचे दोन अवतार असतात. नुसतं ऐकताना दोन्ही कानांना वेगळा, भरलेला आवाज येतो. माईक उघडला की तो फोनवर बोलायच्या पद्धतीत जातो आणि तिथे आवाज एकच, दोन्ही कानांना सारखा, तोही चिरका. दिशा संपली. हेडफोन बिघडलेला नाही, त्याची रीतच तशी आहे.

उपाय बिनपैशाचा आहे. डिस्कॉर्डमध्ये इनपुट म्हणून हेडफोनचा माईक काढून लॅपटॉपचा किंवा वेबकॅमचा माईक निवडा. हेडफोन लगेच पहिल्या अवतारात परत येतो. पण ब्लूटूथचा उशीर मात्र जात नाही. साध्या जोडणीत गोळी दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंदाचा सातवा-आठवा भाग सहज जातो, कधी त्याहून जास्त. गोष्टीच्या गेमला चालेल, नेमबाजीच्या गेमला वायरच बरी.

यूएसबीची छोटी पट्टी लावून चालणारे बिनवायरचे हेडफोन वेगळे, त्यांचा उशीर खूपच कमी. ते तुटक वाजत असतील तर पट्टी निळ्या यूएसबी भोकात आहे का बघा. निळं भोक म्हणजे यूएसबी ३, आणि त्याच्या कामातून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट सांडतो, नेमका जिथे हेडफोनची पट्टी बोलत असते. एक मीटरची यूएसबी एक्स्टेंशन वायर घेऊन पट्टी टेबलावर आणा. शंभर-दीडशे रुपयांत काम होतं.

चिर्रर आवाज: पुढचं भोक सोडा

माउस फिरवला की किंवा गेम जड झाला की चिर्रर येत असेल, तर पिन कॅबिनेटच्या पुढच्या भोकातून काढून मागच्या हिरव्यात लावा. पुढच्या भोकाची वायर मदरबोर्डच्या कोपऱ्यापासून ग्राफिक्स कार्डाच्या खालून पुढे येते. स्वस्त कॅबिनेटमध्ये तिला नीट आवरण नसतं, वाटेतला सगळा विजेचा गोंगाट ती गोळा करते. मागे लावून चिर्रर गेलं, तर तिथेच ठेवा.

मागेही येत असेल तर यूएसबी साऊंड कार्ड घ्या. तीनशे-चारशे रुपयांच्या तुकड्यानेही बहुतेकांचं भागतं, कारण आवाज बनवायचं काम मदरबोर्डच्या गोंगाटातून बाहेर येतं. मदरबोर्ड बदलायची भाषा कुणी केली तर आधी हा तुकडा लावून बघा.

गूं आणि घरघर: इथे जपून

ही घरघर सीमाभागातल्या जुन्या घरांत मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. ती हेडफोनची नसते, घराच्या अर्थिंगची असते.

वडगावच्या विणकरांच्या गल्लीतलं एक घर. पुढच्या खोलीत दोन माग, मागच्या खोलीत पोराचा पीसी. त्याची आई हेडफोन घेऊन आली. "दादा, हा तिसरा. तरी पोरगं म्हणतंय काही ऐकू येत नाही. आणि त्याच्या त्या गोकाकच्या मित्रांना म्हणे ह्याचं बोलणं ऐकू येत नाही, नुसती गुणगुण." टीममध्ये निम्मी पोरं कन्नड बोलणारी. ती "एल्ली, एल्ली?" (कुठे, कुठे?) विचारत राहायची, ह्याचं उत्तर घरघरीत बुडायचं. मी हेडफोन माझ्या टेबलावरच्या पीसीला लावला. स्वच्छ. मग घरी गेलो. पीसीची तीन पिनांची वायर दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये खोचलेली, आणि तो अडॅप्टर मागाच्याच लाइनीवरच्या बोर्डात. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, हे पोराला वर्षभर ठाऊक होतं. त्याला वाटायचं, कॉम्प्युटरला असंच असतं.

तसं नसतं. पीसीच्या पॉवर सप्लायमध्ये गोंगाट गाळायला छोटे कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींना कॅबिनेटच्या पत्र्याशी जोडतात. अर्थिंग असेल तर त्यातला किंचित करंट जमिनीत निघून जातो. नसेल तर पत्रा अधांतरी राहतो आणि त्यावर घरच्या २३० व्होल्टच्या साधारण निम्मा दाब तरंगतो. करंट फार थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण तीच ५० हर्ट्झची थरथर माईकच्या ग्राउंडमध्ये शिरते आणि मित्रांना घरघर होऊन ऐकू येते. शेजारी मागाची मोटर चालू झाली की भर पडते. घरघरीपेक्षा गंभीर गोष्ट ही, की उद्या सप्लायमध्ये खरोखरच फेज पत्र्याला टेकली, तर तिला जायला जमीन नाही. वाट फक्त तुमच्या शरीरातून आहे.

तुम्ही एवढंच करा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. घरघर थांबली तर कारण विजेच्या बाजूला आहे, हेडफोन सुटला. पीसी असेल तर तो, मॉनिटर आणि स्पीकर एकाच चांगल्या तीन पिनांच्या बोर्डावर घ्या. वेगवेगळ्या सॉकेटांवर असले तर त्यांच्या अर्थच्या वाटांमधल्या फरकाने गूं येतं. दोन पिनांचा अडॅप्टर फेकून द्या. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवरच आवाज येत असेल, तर इन्व्हर्टर चौकोनी लहरींचा आहे का बघा. साइन वेव्हच्या इन्व्हर्टरवर ती खरखर येत नाही.

आणि इथे थांबा. कॅबिनेटला झिणझिण्या येत असतील, सॉकेटमध्ये तिसरं भोक नुसतं दाखवायला असेल, किंवा अर्थिंग कुठे आहे हेच घरात कुणाला माहीत नसेल, तर पीसी बंद करून परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवा. स्वतः बोर्ड उघडू नका. अर्थची वायर नळाच्या पाइपला बांधू नका. सॉकेटच्या आत न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनेला जोडून "झालं अर्थिंग" म्हणणारे भेटतात, त्यांना हात लावू देऊ नका. बाहेर न्यूट्रल तुटली की सगळ्या कॅबिनेटवर पूर्ण फेज येते. इलेक्ट्रिशियनला अर्थचा खड्डाही तपासायला सांगा. खानापूरच्या बाजूला जांभ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये अगदी कोरडी पडते, कोरड्या मातीत करंट मुरत नाही. उन्हाळ्यात घरघर आणि पावसाळ्यात शांत, असं असेल तर संशय त्या खड्ड्यावरच घ्या. वडगावच्या त्या घरी अर्थिंग नीट झालं त्या दिवशी पहिला, म्हणजे सर्वांत स्वस्त हेडफोनसुद्धा स्वच्छ वाजला.

गाद्या आणि वायर

स्फोट पत्र्यासारखे वाजायला लागले तर कानाच्या गाद्या बघा. नकली चामडं आपल्या पावसाळी ओलीत सुटतं, काळ्या पापुद्र्यांनी गळा भरतो. गादी कानाभोवती घट्ट बसली नाही की खालचा दणका बाहेर निसटतो. जाड काडीच्या चष्म्यानेही हेच होतं. बहुतेक हेडफोनच्या गाद्या बदलता येतात, हेडफोनच्या किमतीपुढे त्यांचा खर्च काहीच नाही. कापडी गादी जास्त टिकते आणि घाम कमी येतो, दणका मात्र थोडा कमी होतो.

वायर हलवली की बाजू येते-जाते, तर पिनेपासून दोन-तीन बोटांवर वायर आत तुटलेली असते. वायर काढता येणारी असेल तर नवी घ्या, बाकी काही करायला नको. नसेल, आणि वॉरंटी उरलेली असेल, तर ब्लेड लावू नका, कंपनीच्या सर्व्हिसला द्या. वॉरंटी संपली असेल आणि सोल्डरिंगचा हात असेल तरच कापा. आतल्या तारांवर लाखेचा पातळ थर असतो. तो सोल्डरच्या गरमीने जाळल्याशिवाय टाका धरत नाही, आणि नुसत्या पिळून जोडलेल्या तारा आठवड्यात सुटतात. बिनवायरच्या हेडफोनची बॅटरी फुगली असेल, कप वर आल्यासारखा दिसत असेल, तर चार्जिंग तत्काळ बंद. ती स्वतः उघडायची नाही.

एवढं करूनही नवाच घ्यायचा असेल

आधी घरातला आवाज ऐका. पंखा, मिक्सर, टीव्ही, माग. घर गजबजलेलं असेल तर बंद पाठीचा, जाड गाद्यांचा हेडफोन घ्या. वडगावचा तो पोरगा मागाच्या खटखटीवर मात करायला आवाज पूर्ण चढवून खेळायचा. पावलं त्यात बुडायचीच, वर कानावर मार बसायचा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास, तेही ८० डेसिबलवर. मुलांसाठी ७५. आवाज जसा वाढेल तसे तास झपाट्याने घटतात. गोंगाट बाहेरच अडवला तर आवाज कमी ठेवूनही पावलं ऐकू येतात.

खोली शांत असेल तर जाळीच्या, उघड्या पाठीचा हेडफोन एकदा तरी ऐकून बघा. आवाज डोक्यात कोंडल्यासारखा वाटत नाही, लांबचा लांब आणि जवळचा जवळ वाटतो. गेमच्या दुनियेत शिरल्यासारखं वाटतं ते यामुळेच. मात्र तो शेजारी झोपलेल्यालाही ऐकू येतो.

खोक्यावर पडद्याचा आकार आणि ७.१ यापेक्षा ओहमचा, म्हणजे हेडफोनच्या विद्युत रोधाचा, आकडा वाचा. ३२ ते ६० च्या आसपास असेल तर मदरबोर्डवर किंवा लॅपटॉपवर सहज वाजतो. हायपरएक्स क्लाउड २ हा ६० ओहमचा, ऑडिओ-टेक्निका एम५०एक्स ३८ चा. बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो २५० ओहममध्येही येतो. स्टुडिओत नावाजलेला, पण साध्या लॅपटॉपला लावला तर मरगळलेला वाजेल, त्याला वेगळा अ‍ॅम्प (आवाज वाढवणारं यंत्र) लागतो. नुसतं नाव ऐकून तो मागवणाऱ्यांना हे आधी कुणी सांगत नाही.

वजन हातात घेऊन बघा. दुकानात दोन मिनिटं नाही, पंधरा मिनिटं डोक्यावर ठेवा, चष्मा असेल तर चष्म्यासकट. आपल्या ओळखीच्या गेमची पाच मिनिटांची नोंद मोबाईलवर घेऊन जा आणि तीच ऐका, दुकानदाराचं गाणं नको. वायर आणि गाद्या बदलता येतात का ते विचारा, पुढच्या दोन पावसाळ्यांचा प्रश्न आहे. घरी आणलात की पहिल्याच संध्याकाळी वरच्या चार जागा नव्या हेडफोनवर पुन्हा तपासा, कारण बॅलन्स आणि स्पेशियल साऊंडची सेटिंग विंडोज प्रत्येक नव्या हेडफोनसाठी वेगळी धरतं आणि सोबत आलेलं सॉफ्टवेअर स्वतःचं ७.१ गुपचूप चालू करून ठेवतं. बिल आणि खोका महिनाभर तरी टाकू नका.